गाव वॉर्डात गेलं, फळा कोरा राहिला

"मामा, मला तुमचं अक्षर हवंय," भाचीने चपला काढता काढताच सांगितले.

इंदूरच्या राजेंद्रनगरातली रविवारची सकाळ. मामा सरकारी कचेरीच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले, नात्यागोत्यात वळणदार अक्षरासाठी प्रसिद्ध. सत्यनारायणाच्या आमंत्रणापासून रुखवतातल्या पाट्यांपर्यंत सगळे त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची घरची रीत. भाची इंदूर नगर निगमात पार्षद. ही दोघे या लेखापुरती कल्पिलेली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी गावे, वर्षे आणि घटना मात्र खऱ्या आहेत, आणि हा वाद शहराच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

"कशावर लिहायचंय?" मामांनी विचारले.

"भिंतीवर. पंचायतीच्या जुन्या इमारतीच्या."

तिच्या वॉर्डात एक जुने गाव येते. २०१४ मध्ये इंदूरची हद्द वाढली आणि आजूबाजूची २९ गावे निगमात आली. निपानिया, कनाडिया, लिंबोदी, बिचोली मर्दाना, तलावली चांदा ही नावे तोवर पंचायतींची होती, ती शहराच्या नकाशावर गेली. वॉर्ड ६९ होते ते ८५ झाले. सरपंच गेला, पंच गेले, सचिवाची बदली झाली. उरली ती चौकातली इमारत आणि तिच्या दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये घोटलेला काळा फळा. पूर्वी त्यावर ग्रामसभेची तारीख असे, आलेला निधी असे, कुठल्या कामाला किती खर्च झाला ते असे. आता त्यावर शिकवणी वर्गांच्या आणि प्लॉट विक्रीच्या जाहिराती चिकटल्या आहेत.

भाचीला तो फळा खरवडून, काळा रंग देऊन पुन्हा वापरात आणायचा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर वॉर्डाचा हिशेब. मामांना हे मान्य नाही.

"लोकांना चेंबरचं झाकण हवंय, बाई. फळा नकोय. झाकण बसव, लोक तुझं नाव घेतील."

"बसलं की दिसतंच मामा. बसलं नाही तर का बसलं नाही, हे कुणाला दिसतं? अर्ज निगमाच्या झोन कार्यालयात पडून आहे, की टेंडर निघालं नाही, की ठेकेदारानं काम अर्धं टाकलं?"

"त्यासाठी ३११ ॲप आहे की तुमच्या निगमाचं. तक्रार टाकली की नंबर मिळतो."

"नंबर मिळतो, पण ज्यानं तक्रार केली त्यालाच. गल्लीतल्या चाळीस घरांना गढूळ पाणी आलं आणि चाळीस जणांनी तक्रार केली, तरी शेजारच्याला शेजाऱ्याचं कळत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपल्याच नळाचं काही बिघडलंय. तेच फळ्यावर लिहिलं की कळतं, अख्ख्या गल्लीची लाईन सडलीय."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मुद्दा त्यांना पटला नव्हता, पण तो बाजूला सारण्यासारखाही नव्हता.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण गाव शहरात आले की काय हरवते याची मोजदाद क्वचितच होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई, प्रत्येक पुरुष तिचा सभासद. निवडून यावे लागत नाही, कुणी नेमावे लागत नाही. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी नवा पंचायत राज कायदा केला आणि १९९४ मध्ये त्याप्रमाणे निवडणुकाही घेतल्या. त्याच १९९३ मध्ये शहरांसाठी ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने ३ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या. एका समितीखाली अनेक वॉर्ड येऊ शकतात, आणि तिच्यात पार्षद हक्काने बसतो. साधा मतदार हक्काने बसेल अशी सभा घटनेने शहराला दिली नाही. म्हणजे लिंबोदीचा किंवा कनाडियाचा माणूस पंचायतीत होता तेव्हा त्याला उभे राहून 'पैसे कुठे गेले' असे विचारता येत होते. शहरात आल्यावर त्याला रस्ता मिळाला, कचरागाडी मिळाली, नळ मिळेल अशी आशा मिळाली, आणि विचारण्याची ती जागा गेली.

सगळ्या ग्रामसभा उत्तम चालत होत्या असे कुणी म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी सह्या घरोघर जाऊन घेतल्या जात. पण हक्क कागदावर असला तरी तो मागता येतो. कागदावरूनच गेला तर मागायचा कुणाकडे?

मामा लेखा विभागातले. त्यांचा दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा होता.

"तू हिशेब लिहिणार म्हणतेस. कुणाचा? पैसा मंजूर करतात आयुक्त आणि एमआयसी, म्हणजे महापौर परिषद. टेंडर काढतात अधिकारी. तू पंच्याऐंशींतली एक. दुसऱ्यानं केलेल्या खर्चाखाली तू सही करणार, आणि काम वाईट झालं की लोक तुझ्या दारात येणार."

"आजही माझ्याच दारात येतात."

"येतात, पण आज तू सांगू शकतेस, बघते म्हणून. लिहिलंस की ते गळ्यात पडतं. 'मे महिन्यात बोरिंगचा पंप बसेल' असं एकदा फळ्यावर गेलं आणि जूनमध्येही बसला नाही, तर समोरच्या पक्षाचा पोरगा फोटो काढून ठेवेल. निवडणुकीत तोच फोटो फिरेल."

मामांची ही भीती खरी आहे, आणि ती केवळ राजकारण्याची भीती नाही. ज्याच्या हातात अधिकार थोडा आणि ज्याच्याकडून अपेक्षा मोठी, त्या प्रत्येकाची ती भीती आहे. तलाठी, शाळेचा मुख्याध्यापक, सोसायटीचा सचिव, सगळे म्हणूनच तोंडी बोलतात. तोंडी शब्द विरून जातो.

पण भाची कमी अधिकाराचा अर्थ उलटा लावते. "माझ्या हातात मंजुरी नाही हे लोकांना माहीतच नाही मामा. त्यांना वाटतं पार्षद म्हणजे गावचा सरपंच. मी कुठल्या तारखेला पत्र दिलं, ते कुणाकडे अडलं, हे लिहिलं तर लोक माझ्यासोबत झोनवर येतील. एकटी गेले तर मी एक अर्जदार. चाळीस बायका घेऊन गेले तर निगमाचा दरोगासुद्धा खुर्ची सोडून उभा राहतो."

निगमाची पायरी लहान समजण्याचे कारण नाही, हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. चिपळूणहून सून म्हणून इंदूरला आलेल्या सुमित्राताई महाजन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच निगमात होत्या, उपमहापौर झाल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ सभागृहाच्या अध्यक्ष राहिल्या. पुढची एवढी मोठी वाट निगमाच्या सभागृहातून निघाली होती.

आणि ही पायरीच नसते तेव्हा काय होते, तेही इंदूरने पाहिले आहे. आधीच्या परिषदेची मुदत २०२०च्या सुरुवातीला संपली. नवी निवडणूक झाली ती जुलै २०२२ मध्ये. मधला दोन वर्षांहून अधिक काळ, त्यात कोरोनाचा सगळा काळ आला, शहराला ना महापौर होता ना पार्षद. कारभार प्रशासकाकडे होता.

"हिशेब मतपेटीत होतो," मामा म्हणाले. "पाच वर्षांनी लोक बरोबर करतात."

"पाच वर्षं पाणी गढूळ प्यायचं आणि मग बरोबर करायचं? आपल्याच राज्यात 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' आहे, आठवतंय का?"

मामांना आठवत होते. मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या अध्यक्षाला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी मतदान होते तेव्हा एका चिन्हात खुर्चीवर माणूस बसलेला असतो आणि दुसऱ्यात खुर्ची रिकामी. अनूपपूरच्या मतदारांनी २००१ मध्ये रिकाम्या खुर्चीला कौल देऊन अध्यक्षांना घरी पाठवले. देशात चर्चा झाली. पण ही सोय पार्षदाला लागू नाही, आणि खुर्ची रिकामी करणे हा शेवटचा उपाय. दर महिन्याला चार ओळी वाचायला मिळाल्या तर गोष्ट तिथवर जायचे कारण पडत नाही, हे भाचीचे म्हणणे.

मामी आतून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. त्यांनी विचारले, "फोटो छापणार का तुझा फळ्यावर?"

"नाही मामी. नावसुद्धा नाही. फक्त वॉर्डाचा नंबर."

मामींचा प्रश्न साधा वाटला तरी वर्मावर होता. आज पार्षद आणि जनता यांच्यातला सगळ्यात मोठा लिखित व्यवहार म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस, सण, नियुक्ती, आभार. त्यात चेहरे असतात, हात जोडलेले असतात, रक्कम आणि तारीख नसते. भाचीचा फळा वेगळा ठरणार असेल तर तो याच एका गोष्टीमुळे: वर 'झाले नाही' हा रकाना आणि खाली 'झाले' हा रकाना. क्रम हाच. मामांना वाटले होते, ती आधी केलेली कामे लिहील. तिने वहीतला नमुना दाखवला तेव्हा ते काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

मग ती गेडिसवर आली. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या बोलावण्यावरून इंदूरला आला होता. त्याचा दोन खंडांतला अहवाल १९१८ मध्ये निघाला आणि नगररचना शिकणारे आजही तो वाचतात. पण अहवालाइतकीच त्याची दिवाळीची मिरवणूक प्रसिद्ध आहे. शहरात प्लेगची दहशत होती. लोक साहेबांच्या तपासण्यांना घाबरत. गेडिसने दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या मोहल्ल्याने घरे आणि गल्ल्या सगळ्यांत चांगल्या साफ केल्या, डागडुजी केली, त्या मोहल्ल्यातून जाईल. लोक झाडू घेऊन बाहेर पडले. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसी उंदराचा पुतळा होता, तो शेवटी जाळला, आणि तुळशीची रोपे वाटली.

"ती मिरवणूक होती," मामा म्हणाले. "हत्ती-घोडे होते. तुझ्याकडे खडू आहे."

"हत्ती सोडा हो. त्यानं नियम आधी सांगितला, सगळ्यांना एकदम सांगितला, आणि सांगितला तसा पाळला. त्यात जोर होता."

इंदूरला हे कळत नाही असे नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून नाव घेतले गेले ते आपोआप नाही. रोज सकाळी गाडी गाणे वाजवत दारात येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक कचरा, सहा प्रकार घराघरांतल्या बायकांनी पाठ केले. देवगुराडियाचा जुन्या कचऱ्याचा डोंगर हटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. एक शहर आपल्या २० लाखांहून जास्त माणसांना रोज काहीतरी सांगू शकते आणि माणसे ऐकतात, याचा इतका मोठा पुरावा भारतात दुसरा नसेल. भाचीचा प्रश्न इतकाच की हे सांगणे एकाच दिशेने का चालते. नागरिकाने कचऱ्याचे सहा डबे निगमापुढे उघडून दाखवायचे. निगमाने नागरिकापुढे काय उघडून दाखवायचे? माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्याचे चौथे कलम तेच सांगते: अर्जाची वाट न बघता स्वतःहून माहिती मांडा. खर्च, कामे, जबाबदार अधिकारी, सगळे त्यात आले.

आता मामांनी आपले सगळ्यांत वजनदार म्हणणे काढले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते भाचीच्या म्हणण्यापेक्षा खोल होते.

"तू हिवरे बाजारचं नाव घेशील, मला माहितीय."

ती घेणारच होती. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावात पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. तिथे पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचे माप गावासमोर मांडतात. पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात कुठले पीक बसते, हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम गावानेच केला. आकडे भिंतीवर आहेत, कुणीही वाचावे.

"पण ते गाव दीड हजाराच्या आतलं," मामा म्हणाले. "तुझा वॉर्ड? जुन्या २०११च्या जनगणनेचे जवळजवळ २० लाख, भागिले ८५. तेवीस हजारांवर माणसं झाली. त्यातली निम्मी नव्या टाऊनशिपमधली, ज्यांना गावचा चौक कुठे आहे तेही ठाऊक नाही. आणि दुसरं ऐक. हिवरे बाजार फळ्यामुळे झालं नाही. लोक बसले म्हणून झालं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघ. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय नाही, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. अशी वर्षानुवर्षं बसणारी माणसं होती म्हणून २००९ मध्ये त्यांना अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि नंतर त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथं आधी सभा होती, लिहिणं मागून आलं. तू सभेशिवाय फळा मांडतेयस. लोक येतील, वाचतील, चरफडतील, निघून जातील. विचारणार कुणाला? भिंतीला?"

भाचीकडे लगेच उत्तर नव्हते.

हीच या वादाची खरी गाठ. माहिती दिली म्हणजे उत्तर दिले, असा समज आज सगळीकडे पसरला आहे. कार्यालयांच्या दारांवर नागरिकांची सनद लटकते. तिच्यासमोर उभे राहून प्रश्न विचारला तर बोलायला कुणी नसते. फळा ही सभेची सूचना असते तेव्हाच त्याला अर्थ असतो. पंचायतीच्या भिंतीवर सगळ्यांत वर ग्रामसभेची तारीख असायची, ती उगाच नव्हे.

मग भाची हळू आवाजात बोलली. "बावडीचं आठवतं ना मामा?"

इंदूरमध्ये 'बावडीचं' एवढे म्हटले की पुरते. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होते. खाली जुनी पायऱ्यांची विहीर होती, तिच्यावर स्लॅब टाकून वर बसायची जागा केलेली. ती स्लॅब खचली. ३६ माणसे गेली. तिथल्या बांधकामाबद्दल रहिवाशांची तक्रार आधीच गेलेली होती, निगमाने नोटीसही दिलेली होती.

"तक्रार होती. नोटीस होती. सगळं फाईलमध्ये होतं. त्या सकाळी मुलांना घेऊन आत गेलेल्या बायकांना ते कुणी सांगितलं होतं का? तो कागद देवळाच्या दारावर लावलेला असता, तर? मी नेहमी हाच विचार करते. माझ्या वॉर्डात कुठल्या फाईलमध्ये असं काय पडून असेल, जे मला कळतं आणि गल्लीला कळत नाही?"

मामा उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी ब्रशांचा डबा आणला. पण हातात देण्याआधी दोन अटी घातल्या. पहिली, फळ्यावर जे लिहिलेय त्याबद्दल त्याच रविवारी, त्याच फळ्याखाली तासभर बसायचे. पाऊस असो, कुणी शिव्या घालो, उठायचे नाही. दुसरी, फळ्याचा खालचा चौथा भाग कोरा ठेवायचा आणि खडू तिथेच बांधून ठेवायचा, म्हणजे लोकांनाही लिहिता येईल.

"घाण लिहितील काही जण," भाची म्हणाली.

"पुसायचं. आणि तारीख चुकली तर तारीख खोडून नवी लिहायची, पण जुनी दिसू द्यायची. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालते, पान फाडलेलं चालत नाही."

टाऊनशिपवाल्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्या सकाळी सुटला नाही. मामांनी सुचवले, त्यांच्या गेटवर त्याच मजकुराची प्रत लावावी. भाचीला वाटते, ते फळ्यापर्यंत चालत आले पाहिजेत. दोघांपैकी कोण बरोबर, ते दोन-चार महिन्यांनी समजेल. पण अटींच्या बाबतीत मामा बरोबर आहेत, आणि लिहिण्याच्या बाबतीत भाची. न लिहिता बसणारा पार्षद गोड बोलून वेळ मारून नेऊ शकतो. लिहून न बसणारा पार्षद भिंतीआड लपू शकतो. गावाला जे ग्रामसभेत मिळत होते ते परत द्यायचे तर दोन्ही लागते, आणि यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही.

इंदूरच्या या परिषदेची मुदत २०२७ मध्ये संपते. तुम्ही निगमाच्या हद्दीत राहत असाल, मग ते रामबागेत असो की कनाडियाला, तर तेवढा वेळ थांबू नका. या महिन्यात आपल्या पार्षदाकडे जा आणि एकच गोष्ट मागा: गेल्या महिन्यात आपल्या वॉर्डात जे झाले नाही, त्याची यादी, तारखांसह, चौकात लावून.